दहा जणांचा ग्रुप, चौघे नवखे, आई-बाबा स्की करणार नाहीत: स्कीइंगसाठी परदेशात कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की दोन भाऊ काळ्या रनवरूनही, म्हणजे सगळ्यात अवघड उतारांवरूनही, आरामात उतरतात, दोघांनी उत्तराखंडातल्या औलीचा स्की कोर्स केलाय, चौघांनी अजून पायात स्की घातलेली नाही आणि आई-बाबा नुसते सोबत येणार आहेत. जानेवारीअखेर जायचंय, मुक्काम एकत्रच हवाय. माझं उत्तर आहे स्वित्झर्लंडमधलं वेंगेन. मी स्वित्झर्लंडमध्येच राहतो आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना घेऊन त्या भागात जातो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

ठिकाण ठरवताना लोक एकूण किती किलोमीटरचे स्लोप आहेत आणि सगळ्यात वरची लिफ्ट किती उंचावर जाते ते बघतात. तुमच्या ग्रुपला त्याचा फारसा उपयोग नाही. तुम्ही दोन गोष्टी बघा. दुपारी पाय गळून गेलेला नवखा माणूस स्की न करता खाली कसा येईल? आणि स्की न करणारे आई-बाबा दुपारच्या जेवणाला बाकीच्यांपर्यंत वर कसे पोचतील? या दोन्ही गोष्टी जिथे सहज होत नाहीत, तिथे दहा जण फक्त नाश्त्याला आणि रात्रीच्या जेवणालाच एकमेकांना दिसतात.

वेंगेनला हे काम रेल्वे करते. 1274 मीटर उंचीच्या या गावात मोटारी येतच नाहीत. खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळावरची गाडी वर येते आणि तीच लाइन पुढे 2061 मीटरवरच्या क्लाइने शायडेगला जाते. डब्यात स्कीवाले, घसरगाड्या घेतलेली मुलं आणि नुसते फिरायला निघालेले आजी-आजोबा सगळे एकत्र असतात. आई-बाबांनी अकराच्या सुमारास गाडीत बसायचं, शायडेगला आयगर शिखराच्या प्रचंड उत्तर भिंतीसमोर उन्हात बसायचं आणि दीड वाजता सगळ्यांनी तिथेच जेवायचं. जेवणानंतर ज्याचे गुडघे नको म्हणतील त्याने स्की हातात घेऊन त्यांच्याबरोबर गाडीने उतरायचं. यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण तिथे सगळेच तसं करतात.

चौघा नवख्यांना पहिल्या दिवशी वर नेऊ नका. वेंगेनचा नवशिक्यांचा स्लोप गावाच्या मधोमध आहे. सुरुवात तिथेच करा आणि संपूर्ण भागातल्या लिफ्टचा महागडा स्की पास घेण्याची घाई करू नका. आणखी एक कळकळीची विनंती: त्यांना शिकवायचं काम भावांवर टाकू नका. चांगला स्कीअर चांगला शिक्षक असतोच असं नाही, आणि घरच्या माणसाकडून शिकताना भीती बोलून दाखवता येत नाही. चौघांत मिळून एक प्रशिक्षक घ्या, निदान पहिले तीन दिवस. थांबता आणि वळता यायला लागलं की मग मेनलिखेनचे रुंद, सौम्य उतार आहेतच. वेंगेनहून तिथे थेट केबलकार जाते.

औलीवाल्या दोघांसाठी तर मेनलिखेन उत्तमच. मात्र एक लक्षात ठेवा, आल्प्समधली निळी म्हणजे सोपी रनसुद्धा कित्येकदा काही किलोमीटर लांब असते. उतार झेपतो, पण मांड्या भरून येतात. मध्ये थांबायचं असेल तर रनच्या कडेला थांबा, उंचवट्याच्या आड कधीच नको.

भावांची काळजी करू नका. लाउबरहोर्नच्या डाउनहिल शर्यतीचा मार्ग इथलाच. स्कीइंगच्या वर्ल्ड कपमधला तो सगळ्यात लांब, जवळजवळ साडेचार किलोमीटर. 2320 मीटरवरच्या आयगरग्लेचरवरून काळ्या रन आहेत. खाली ग्रिंडेलवाल्डपर्यंत उतरलं तर 2020 च्या डिसेंबरात सुरू झालेला आयगर एक्सप्रेस गोंडोला पंधरा मिनिटांत परत आयगरग्लेचरला आणून सोडतो. त्याहून अवघड हवं असेल तर दरीच्या पलीकडे म्युरेन गाव आणि 2970 मीटरचं शिल्टहोर्न शिखर आहे.

तारखांचं मात्र नीट बघा. लाउबरहोर्नची शर्यत जानेवारीच्या मध्यावर असते. तेव्हा गाव तुडुंब भरतं आणि काही रन बंद असतात. फेब्रुवारीत इथल्या शाळांना सुट्ट्या लागतात. त्यामुळे तुमचा जानेवारीचा शेवटचा आठवडा मला अगदी योग्य वाटतो.

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात. फ्रान्समधलं शामोनी तुमच्या भावांना वेड लावेल, पण तिथले स्की-भाग दरीभर विखुरलेले आहेत, बसने ये-जा करताना ग्रुपची फाटाफूट होते. तुम्ही सगळे तरुण असता आणि बजेट कमी असतं तर मी जॉर्जियातलं गुदौरी सांगितलं असतं. तिबिलिसीहून साधारण 120 किलोमीटर, मोकळे रुंद उतार, खर्च बराच कमी. पण स्की न करणाऱ्यांना तिथे आठवडा काढणं जड जाईल. जपानच्या निसेकोचा भुसभुशीत बर्फ अप्रतिम आहे, फक्त जानेवारीत तिथे जवळजवळ सतत बर्फ पडत असतो. आई-बाबांना जे निवांत ऊन मिळावं असं मला वाटतं, ते तिथे क्वचितच मिळेल.

वेंगेन स्वस्त नाही, हे खरंच. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. गावात कूपचं दुकान आहे, तांदूळ-भाज्या-दही सगळं मिळतं, मसाले आणि डाळी घरून आणा. स्की, बूट, हेल्मेट तिथे भाड्याने घ्या. हातमोजे, गॉगल आणि पाणी न शिरणारी पँट मात्र स्वतःची असू द्या. झुरिक विमानतळावरून रेल्वेने साधारण तीन तास लागतात. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवर गाडी बदलल्यावर डब्यावरची पाटी वाचूनच बसा, कारण पुढे त्स्वाइल्युचिनेनला गाडीचे दोन भाग होतात, एक लाउटरब्रुनेनला आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला जातो.

आई-बाबांना शायडेगहून गाडीने वर युंगफ्राउयोखला न्यायचं असेल तर ते 3454 मीटरवर आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्या गाडीचं तिकीट स्की पासमध्ये धरलेलं नसतं. आणि विमा घेताना शेंगेन व्हिसासाठी लागणाऱ्या किमान 30,000 युरोंवर थांबू नका. अनेक प्रवास विम्यांत स्कीइंग वगळलेलं असतं, आणि डोंगरावरून जखमी माणसाला हेलिकॉप्टरने उतरवायचं बिल इथे त्या माणसाच्या नावावर येतं. स्कीइंग आणि बचावकार्य दोन्ही धरलेली पॉलिसी दहाही जणांसाठी घ्या, आई-बाबांसाठीसुद्धा, कारण बर्फावर पाय घसरायला स्की लागत नाही.