नऊ वर्षांनी पुण्यात परत येतोय. आई पूर्वी सगळीकडे पीएमटीने जायची. आता बसमध्ये काय काय बदललंय? तिला एकटीला जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की आई सदुसष्टच्या, गुडघे जरा कुरकुरतात, २०१६ पर्यंत कोथरूडलाच होतात आणि आता परत तिथेच येताय. त्यांना मंडई हवी, स्टेशन हवं, हडपसरला मावशीकडे जायचं असतं. मी कर्वेनगरची. गेली सव्वीस वर्षं पेठेत नोकरीला बसने जाते, डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत. त्यामुळे बदल सगळे अंगावरून गेलेत, काही तर अक्षरशः.

आधी नावाचं. पुणे महापालिकेची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्येच एक झाल्या आणि पीएमपीएमएल, म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळ झालं. वर्तमानपत्रं ‘पीएमपी’ लिहितात. थांब्यावरची माणसं अजून पीएमटीच म्हणतात, तेव्हा आईंना जीभ वळवायची गरज नाही.

सगळ्यात मोठा फरक त्यांना तिकिटात जाणवेल. माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत. त्यांच्याकडे चिटाच्या कापडाचा एक बटवा आहे आणि त्यात फक्त पाचाची नाणी, ‘पीएमटीचे पैसे’ म्हणून वेगळी ठेवलेली. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी कर्वे पुतळ्यापाशी चढलो. जायचं होतं नळ स्टॉपला. त्यांनी सवयीने नाणं पुढे केलं.

‘दहा द्या, आजी.’

‘दोघींचे?’

‘एकीचे. एक तारखेपासून दहा झालेत. पाच किलोमीटरपर्यंत दहा.’

सासूबाईंनी दुसरं नाणं काढलं, पण मुठीतच धरलं. ‘पाच किलोमीटर म्हणजे कुठपर्यंत?’

‘डेक्कनला आरामात जाल.’

‘मग डेक्कनचं द्या. नळ स्टॉपला उतरून बाकीचे किलोमीटर काय तुम्हाला सोडू?’

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला, पण तिकीट डेक्कनचंच फाडलं. मी नळ स्टॉपला उतरले, माझं काम होतं. त्या डेक्कनपर्यंत गेल्या, चाफ्याची फुलं घेतली आणि दुसऱ्या बसने परत आल्या. परतीचे दहा त्यांनी हिशेबात धरले नाहीत.

तर दर असे आहेत. १ जून २०२५ पासून पहिल्या तीस किलोमीटरला पाच-पाच किलोमीटरचे टप्पे केलेत आणि प्रत्येक टप्प्याला दहा रुपये वाढतात. पाचपर्यंत १०, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, तीस किलोमीटरला ६०. त्यापुढे दहा-दहा किलोमीटरचे टप्पे, ऐंशी किलोमीटरला ११० रुपये. पूर्वी सुरुवात पाच रुपयांपासून होती आणि टप्पे लहान होते. जवळ जाणाऱ्याला ही वाढ चांगलीच टोचते, नळ स्टॉपच्या माणसाचे पैसे सरळ दुप्पट झाले. पण सुट्ट्या पैशांची रोजची हुज्जत संपली हेही खरं. पाच रुपये, पंधरा रुपये असलं काही उरलंच नाही.

आता मुद्द्याचं सांगते. आईंना फक्त एक सवय बदलायला सांगा: थेट बसचा हट्ट. आपल्या पिढीला आणि आधीच्या पिढीला ‘आपली बस’ असायची. कोथरूड डेपो ते स्टेशन म्हटलं की ९४, कात्रजला जायचं की १०३, आणि तिच्यासाठी थांब्यावर पाऊण तास उभं राहायची तयारी. या गाड्या आजही आहेत, नंबरही तेच आहेत. पण शहर चहूबाजूंनी एवढं पसरलंय की दारातून दारात नेणारी बस सगळ्यांना मिळणं शक्यच नाही. दोन महापालिका आणि आजूबाजूची गावं मिळून गाड्या साधारण दोन हजार. त्यात ज्याला गाडी बदलता येते तो लवकर पोचतो. मी हे फार उशिरा शिकले. कर्वे पुतळ्यावर स्टेशनची बस यायची वाट बघत डेक्कनच्या चार-चार बस सोडायचे, का तर ‘बदलायला कोण जातंय’. आता जी पहिली येईल तिने डेक्कन गाठते आणि पुढचं पुढे.

बदलण्यातली गोम एवढीच की प्रत्येक बसला नवं तिकीट. नऊ किलोमीटरचा प्रवास मध्यावर तोडला तर दहा आणि दहा, म्हणजे थेट बसइतकेच वीस. तोच सहा आणि तीन असा तुटला तर तीस. जवळच्याजवळ फिरणाऱ्याला हे परवडतं. लांबच्या दिवशी दैनिक पास काढायचा. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभर कुठेही, ७० रुपये, बसमध्ये कंडक्टरकडेच मिळतो. हडपसरची मावशी हे अगदी पासाचं उदाहरण आहे. कोथरूड ते स्वारगेट वीस, स्वारगेट ते हडपसर वीस, तेवढंच परतीला. ऐंशी झाले, आणि मावशीकडून येताना हडपसरच्या भाजी मंडईत उतरायचा मोह झाला तर आणखी. त्यापेक्षा सकाळी सत्तर देऊन मोकळं व्हावं. मात्र मंडईत जाऊन घरी यायचं असेल तर पास काढू नका, तो तोट्यात जातो. सासवड, उरुळी कांचन अशा हद्दीबाहेरच्या गावांना हा पास चालत नाही, त्यासाठी १५० चा आहे. रोज फिरायच्या असतील तर ज्येष्ठांसाठी सवलतीचा महिन्याचा पास आहे, तो पास केंद्रावर कागदपत्रं दाखवून काढावा लागतो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सोबत जाऊन काढून द्या, नाहीतर ‘पुढच्या महिन्यात बघू’ करत वर्ष जातं. स्वानुभव.

तुम्ही गेलात तेव्हा मेट्रो नुसती कागदावर होती, त्यामुळे तिच्याशिवाय बसचं उत्तर पूर्ण होणार नाही. वनाज ते गरवारे कॉलेज मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी रुबी हॉलपर्यंत गेली, मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतचा जमिनीखालचा पट्टा उघडला. कोथरूडकरांची चंगळ झाली ती या शेवटच्या तुकड्याने. वनाजला बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायचं आणि मंडई स्टेशनला वर यायचं. तिकीट कुठूनही कुठेही १० ते ३५ रुपयांत, आणि शनिवार-रविवारी त्यात तीस टक्के सूट. हडपसरला जाताना स्वारगेटपर्यंत मेट्रोने जाऊन तिथून बस धरली तर कर्वे रस्ता, टिळक रस्ता सगळं टळतं. मग सत्तरचा पासही नको. स्टेशनांपासून आतल्या भागात जाणाऱ्या फीडर बसही ठेवल्यात.

गुडघ्यांसाठी एक सूचना. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्टेशन तेहतीस मीटर खोल आहे. सरकते जिने संपता संपत नाहीत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा पहिल्या जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हातांनी माझा दंड धरून उभ्या राहिल्या, एक पायरी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, पाय काही उचलेना. मागे रांग लागली. शेवटी एका कॉलेजच्या मुलीने लिफ्टकडे नेलं. तेव्हापासून त्या स्टेशनात शिरल्या की पाट्या वाचतच नाहीत, समोर येईल त्याला ‘लिफ्ट कुठाय’ एवढंच विचारतात. आईंनाही हेच सांगा.

गाड्यांचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१९ पासून विजेच्या बस आल्या. एसी आहेत आणि तिकीट साध्या बसइतकंच. पहिल्यांदा मी एसी बघून घाबरून सोडली होती, जादा पैसे पडतील म्हणून. आवाज मात्र अजिबात नाही. जुनी बस कर्वे रोडच्या वळणावरूनच कळायची, खडखडाट आधी आणि बस मागून. ही गुपचूप येऊन उभी राहते, त्यामुळे थांब्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसलं की ती गेलेली कळते. काही गाड्यांची पायरी उंच आहे. दाराचा दांडा धरून एका बाजूने चढायला सांगा, घाई करू नये, मागचे ढकलणार हे गृहीतच. डाव्या बाजूची आसनं बायकांची, हा नियम आहे तसाच आहे.

फक्त बायकांसाठी ‘तेजस्विनी’ बस ८ मार्च २०१८ ला सुरू झाल्या. त्या रोज तिकीट घेऊनच जातात, पण दर महिन्याच्या ८ तारखेला फुकट. आमच्या घरात कालनिर्णयवर एकादशीच्या खालोखाल कुठल्या तारखेला महत्त्व असेल तर आठला. पेठांमध्ये २०२१ च्या जुलैत लहान एसी बसची ‘पुण्यदशम’ निघाली, तेव्हा दहा रुपयांत दिवसभर. लक्ष्मी रोड, शनिपार, अप्पा बळवंत चौक या भागात मोठी बस वळवणं म्हणजे दिव्यच असतं, तिथे छोटी गाडी हे डोकं वापरून केलेलं काम होतं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात शहाणी कल्पना तीच.

मोबाइलवाल्यांसाठी ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप २०२४ मध्ये आलं. बस कुठे आहे ते नकाशावर दिसतं, तिकीट आणि पास त्यातच निघतो, मेट्रोचंही तिकीट निघतं. ॲप नको असेल तर कंडक्टरकडचा क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे देता येतात. पण आईंना यातलं काही शिकवायचा आग्रह धरू नका, रोख चालते. नकाशा मात्र तुम्ही घरबसल्या बघून त्यांना फोन करू शकता, की अजून दहा मिनिटं आहेत, चहा संपवून निघ.

काही गोष्टी दिसणार नाहीत. तुम्ही जाताना नगर रोडला बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी मार्गिका, नुकती सुरू झाली होती, ती काढून टाकली. २००६ च्या डिसेंबरात देशातली पहिली बीआरटी म्हणून ज्या सातारा रस्त्याचं कौतुक झालं, तिथेही आता तो रुबाब नाही. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला ती बऱ्यापैकी चालते, निगडी-दापोडी तर २०१८ मध्ये सुरू झाली. आणि शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला गेलं. हे आईंना आवर्जून सांगा, कारण नाशिक-नगरकडे जायला त्या सवयीने शिवाजीनगरला उतरतील आणि सामान घेऊन परत रिक्षा करावी लागेल.

हौसेचं म्हणून: शनिवार-रविवारच्या पर्यटन बस १ मे २०२३ पासून आहेत, पाचशे रुपयांत मोरगाव, जेजुरी वगैरे दिवसाची सहल. सिंहगडावर वरपर्यंत विजेची बस २०२२ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि त्याच महिन्यात बंदही पडली, तेव्हा शनिपारहून ५० नंबरने पायथ्यापर्यंत जायचं आणि पुढे आपले पाय, हे पूर्वीसारखंच. डबलडेकरची मात्र आईंना आठवण असेल, तर २०२५ मध्ये विजेवरच्या एसी डबलडेकरची चाचणी झाली. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडायला मी रांगेत उभी आहेच.

त्यांनी कुठल्या वेळा टाळाव्यात? संध्याकाळी सहा ते आठ. डेक्कन आणि मनपाच्या (महापालिका भवनाच्या) थांब्यावर त्या वेळी चढणं हा तरुणांचा खेळ आहे. गणपतीत पेठांमधले रस्ते बंद होतात, पालखीच्या दिवसांत मार्ग वळवतात, त्या दिवशी मेट्रोच बरी. सकाळी साडेदहानंतर निघायचं, चारच्या आत परतायचं, म्हणजे बसायला जागाही मिळते आणि कंडक्टरला गप्पा मारायला वेळही असतो.

सासूबाईंच्या बटव्यात आता दहाची नाणी असतात. साठलेली पाचाची त्यांनी माझ्या स्वाधीन केली, एकूण त्रेचाळीस निघाली. आईंकडेही अशी काही साठली असतील तर टाकू नका, दोन दिली की एक तिकीट येतं.