"बाळाच्या केसांना फिनेलचा वास येतो, मॅडम"

मी समुपदेशक आहे. पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या तरुण आयांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "पाळणाघरातून आणलं की बाळाच्या अंगाला फिनेलचा वास येतो." दमट हवा, न वाळणाऱ्या लाद्या, मुंग्या, झुरळं, डास, त्यात पाच-सहा मुलं आणि त्यांचे ओले लंगोट. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचा हात या दिवसांत फिनेलच्या बाबतीत सैल होतो. त्यांच्या लेखी ती स्वच्छता असते, आईच्या लेखी विष. आणि दोघी एकमेकींशी या विषयावर अवाक्षर काढत नाहीत.

ही चिंता इतक्यांदा ऐकली की एकदा सविस्तर मांडावीशी वाटली. इथे सांगते ती हकीकत एका आईची आहे, तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. सहा भेटींतलं मोजकंच सांगते.

ती ठाण्याची, बँकेत नोकरीला. मुलगा 17 महिन्यांचा. पाळणाघर शेजारच्याच इमारतीत, तळमजल्यावर. संध्याकाळी मुलाला घरी आणलं की आधी ती त्याचे केस हुंगायची. मग तो कितीही रडला तरी लगेच आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर फिनेल, फुप्फुसं, दमा असं वाचत बसायची. नवरा म्हणायचा, "तू फार विचार करतेस." साताऱ्याहून सासूबाई म्हणायच्या, "मग सोड की नोकरी." एक पाळणाघर वासावरूनच बदलून झालं होतं. हे दुसरं.

पहिल्या भेटीत मी तिला धीर दिला नाही. "काही होत नाही हो" हे ती घरात पुरेसं ऐकत होती, आणि ते खरंही नव्हतं. चालायला लागलेलं, हाताला येईल ते तोंडात घालणारं मूल आणि घरातली रसायनं ही जोडी खरोखरच धोक्याची असते. मी तिला एवढंच विचारलं,

"काकूंच्या घरात फिनेलशिवाय आणखी काय काय आहे?"

"म्हणजे?"

"संडास कशाने धुतात? मोरी तुंबली तर काय टाकतात? डासांसाठी काय, झुरळांसाठी काय? कपाटात डांबरगोळ्या आहेत? देव्हारा किती उंचीवर आहे?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "माहीत नाही."

"मोरी पाहिलीय कधी?"

"नाही. मी दारातूनच त्याला देते, दारातूनच घेते."

"किती दिवस?"

"आठ महिने."

दारात उभं राहून तिला जे कळत होतं ते फक्त नाकाला. म्हणून तिची सगळी भीती वासावर जाऊन बसली होती. आणि नाक या कामी फार कच्चं साक्षीदार आहे. काळ्या फिनेलमधल्या फिनॉलचा वास अपाय होण्याच्या पातळीच्या कितीतरी आधीच कळतो. पांढऱ्या फिनेलमधल्या पाइन तेलाचंही तेच. पाण्यात नीट पातळ केलेल्या फिनेलने पुसलेली, खिडकी उघडी ठेवून वाळवलेली लादी वास मारत असली तरी त्यातून मुलाला मोठा धोका संभवत नाही. उलट झुरळांच्या खडूला वासच नसतो, आणि तो पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो. दुसरीही गोष्ट आहे. दिवसभर त्याच घरात राहणाऱ्या माणसाचं नाक त्या वासाला सरावतं. काकूंना वास येईनासा होतो, म्हणून त्या आणखी ओततात. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा काकूंवरचा राग पहिल्यांदा थोडा उतरलेला दिसला.

तरी ती आत जाऊन बघायला तयार होईना. दोन भेटी याच्यातच गेल्या. आज उशीर झाला, काकू फोनवर होत्या, दुसरी आई समोर होती. तिसऱ्या भेटीत मी सरळ विचारलं, "समजा तुम्ही म्हणालात, काकू, मला एकदा मोरी बघायचीय. पुढे काय होईल?"

"त्या दुखावतील."

"मग?"

"म्हणतील, दुसरीकडे बघा."

"मग?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. असल्या वेळी मी बोलत नाही. शांतता समुपदेशकालाच जास्त बोचते, पण ती मोडली की हाती आलेलं निसटतं. मग ती म्हणाली, "मॅडम, मी स्वतः मूल दुसऱ्याकडे ठेवून जाते. मी कोणत्या तोंडाने विचारू?"

सगळी गाठ इथे होती. भीती रसायनांची होतीच, पण तिच्या तळाशी एक फर्मान बसलं होतं: चांगल्या आईने मुलाला सोडून जाताच कामा नये, आणि जी जाते तिने तोंड उघडू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने मी काम करते. त्या पद्धतीचं मर्म मला या "च"मध्ये दिसतं. "मुलाजवळ असावं" ही इच्छा. "असलंच पाहिजे, नाहीतर मी गुन्हेगार" हा हट्ट. इच्छा माणसाला हालचाल करायला लावते, हट्ट जागच्या जागी जखडतो. मी हे तिला एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. विचारलं, "गुन्हेगार असल्यासारखं वागल्याने मुलाचं रक्षण किती झालं?" ती म्हणाली, "आठ महिन्यांत एक बाटलीसुद्धा बघितली नाही मी." आणि रडली. आजवर ज्या काही गाठी माझ्यासमोर सुटल्या, त्यांत ही माझ्या विशेष जवळची आहे, कारण उत्तर पूर्णपणे तिचं होतं.

नंतरचं काम सोपं होतं. मी तिला आधी स्वतःच्या घरात गुडघ्यांवर बसून फिरायला सांगितलं. मुलाच्या उंचीवरून काय दिसतं, काय हाती लागतं, तेवढं लिहायचं. ती यादी घेऊन आली, अकरा वस्तूंची. पलंगाजवळच्या खालच्या सॉकेटमध्ये डासांच्या औषधाची बाटली. चौरंगावरच्या देव्हाऱ्यात कापराची उघडी डबी. खालच्या खणात साड्यांमध्ये डांबरगोळ्या. सिंकखाली टॉयलेट क्लीनर. आणि दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं पांढरं फिनेल, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत.

ही शेवटची गोष्ट मी अधोरेखित करते, कारण आपल्याकडे ती घरोघरी असते. पांढरं फिनेल पाण्यात पडलं की दुधासारखं दिसतं. बाटली ओळखीची, रंग ताकाचा. मूल तर सोडाच, मोठी माणसंही फसतात. सुटं ॲसिड, रॉकेल, थिनर यांचंही असंच. फिनेल, रॉकेल, डासांच्या औषधाचं द्रावण अशा तेलकट गोष्टींत मुख्य भीती पोटापेक्षा फुप्फुसांची असते. घोट गिळताना किंवा उलटी होताना थोडासा अंश श्वासनलिकेत गेला तरी न्यूमोनिया होऊ शकतो. कापराचं प्रकरण वेगळं. देवाची म्हणून ती डबी कोणाला धोक्याची वाटत नाही, पण लहान मुलाने कापराच्या थोड्या वड्या खाल्ल्या तर पाच-दहा मिनिटांतही झटके येऊ शकतात. डांबरगोळी उशिरा त्रास देते. नॅप्थॅलिन रक्तातल्या लाल पेशी फोडतं, विशेषतः ज्यांच्यात जन्मतः जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं त्यांच्यात, आणि लघवी काळपट होईपर्यंत दोन-तीन दिवस जाऊ शकतात. उंदरांच्या विषाचंही तसंच. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेली तर पहिल्या दिवशी मूल जवळजवळ ठीक दिसू शकतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. जिथे लहान मुलं आहेत त्या घरात ही पेस्ट असूच नये.

आता काकूंशी बोलायचं वाक्य. तिने पहिल्यांदा तयार केलं ते असं: "काकू, तुम्ही कोणतं फिनेल वापरता? मी वाचलंय की त्याने फुप्फुसं खराब होतात." हे ऐकून कोणीही हात झटकेल. आम्ही ते चार वेळा बदललं. शेवटी ठरलं, "काकू, काल आमच्या घरी मी सगळ्या बाटल्या वर ठेवल्या. हा हल्ली सगळीकडे हात घालतो. आमच्याकडे तर फिनेल पाण्याच्या बाटलीत होतं. शनिवारी अर्धा तास येऊ का, आपण दोघी मिळून तुमच्याकडचंही बघू या?" यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, म्हणून ते म्हणताना तिचा आवाज कापला नाही.

काकू दुखावल्या नाहीत. "इतक्या वर्षांत एकही आई आतपर्यंत आली नाही गं," म्हणाल्या आणि चहा टाकला. त्यांच्याकडेही तेच फिनेल, तीच बाटली.

त्या शनिवारी दोघींनी काय केलं ते सांगते, ते कुठल्याही पाळणाघरात करता येईल. सुटं फिनेल आणि ॲसिड बंद. लेबल आणि घट्ट टोपण असलेलीच बाटली आणायची, दुसऱ्या भांड्यात ओतायची नाही. ओतून उरलेलं तांब्या-मगात ठेवायचं नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वरचा एक कप्पा कडी लावून फक्त या वस्तूंसाठी. सिंकखाली काहीही नाही. माप लेबलवर सांगितल्याप्रमाणे टोपणाने घ्यायचं, अंदाजाने नाही. जास्त घातल्याने जंतू जास्त मरतात असं नाही, थर मात्र लादीवर राहतो आणि रांगणाऱ्या मुलाच्या तळव्यावरून तोंडात जातो. लादी मुलं यायच्या आत किंवा गेल्यावर पुसायची, पंखा आणि खिडकी चालू-उघडी ठेवून पूर्ण वाळू द्यायची. मुलं बसतात त्या जागेवर वाळल्यावर साध्या पाण्याचं फडकं एकदा फिरवायचं. खेळणी साबणाच्या पाण्याने धुतली तरी पुरतात. भरलेली बादली मुलांसमोर एक मिनिटही नाही. थोड्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं, मग त्यात फिनेल असो वा नसो.

एका गोष्टीवर मात्र तिने आवाज चढवला, आणि ते बरोबरच होतं. काकू संडास धुताना टॉयलेट क्लीनरवर कपड्यांचं ब्लीच ओतायच्या, "लख्ख निघतं" म्हणून. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून खाली जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका मुलाच्या नाकाच्या पातळीवर. शिवाय मोठं माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतं, दीड वर्षाचं मूल सहज 25-30. काकूंनी त्या दिवशी ब्लीच भाचीला देऊन टाकलं.

सगळं काही जमलं नाही. संध्याकाळचा धूप काकू सोडायला तयार नव्हत्या. तो शेवटचं मूल गेल्यावर लावायचा, एवढ्यावर तडजोड झाली.

इथे एक सांगितलंच पाहिजे. मुलाला पाळणाघराच्या दिवशी खोकला, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर आणि सुटीच्या दिवशी काही नाही, असं वारंवार दिसलं तर तो आईच्या मनाचा प्रश्न नव्हे. आधी बालरोगतज्ज्ञ, मग मी. पाळणाघराने आतली जागा दाखवायला साफ नकार दिला, किंवा मुलं घरात असताना पेस्ट कंट्रोलची फवारणी केली, तर खुशाल जागा बदला. ते वाहवत जाणं नाही.

पाचव्या भेटीत ती एक कागद घेऊन आली, काकूंच्या ओट्यावरच्या कपाटाला आतून चिकटवण्यासाठी. मजकूर आम्ही दोघींनी मिळून नीट केला. काही पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, बोट घालून नाही, मिठाच्या पाण्याने तर अजिबात नाही. मिठाचं पाणी स्वतःच मुलाच्या जिवावर बेतू शकतं. जाळणारा पदार्थ वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो. लिंबू किंवा सोडा देऊन "उतारा" करायचा नाही. डांबरगोळी-कापूर असेल तर दूध-तूपही नाही, ते त्यात विरघळतात. तोंडातलं बोटाने काढून तोंड पाण्याने पुसायचं. अंगावर सांडलं तर कपडे काढून, डोळ्यांत गेलं तर पापणी उघडी धरून, वाहत्या पाण्याखाली 15 ते 20 मिनिटं, घड्याळ लावून. मूल पेंगत असेल, झटके येत असतील, श्वास लागत असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय, रुग्णवाहिकेसाठी 108. मूल शुद्धीत असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 24 तास चालणारा क्रमांक 1800 116 117. सोबत बाटली न्यायची, टोपणासकट. आणि विचारतील ते तयार ठेवायचं: काय, किती, कधी, वय, वजन.

केस हुंगणं पूर्ण थांबलेलं नाही, असं तिने शेवटच्या भेटीत सांगितलं. कधीकधी अजून होतं. पण आता वास आला तर ती दुसऱ्या दिवशी विचारते, "काकू, काल माप जास्त झालं का?" आणि काकू म्हणतात, "झालं गं, मुंग्या फार आल्या होत्या."

कागदावरचा वजनाचा आकडा ती पेन्सिलीने लिहिते. दर महिन्याच्या एक तारखेला आत जाऊन, कपाट उघडून, खोडून नवा घालते. गेल्या खेपेला 10 च्या जागी साडेदहा झालं.