डी७ व्हिसा : खात्यातली शिल्लक पुरत नाही, उत्पन्नाचा उगम दाखवावा लागतो

पोर्तुगालच्या डी७ व्हिसासाठी तुम्ही आणि तुमच्या पत्नीने अर्ज केला, खात्यात गरजेच्या कितीतरी पट रक्कम असूनही वकिलातीने ‘नियमित उत्पन्न सिद्ध होत नाही’ अशी त्रुटी काढली आणि व्याज देणारी बँक सही-शिक्क्याचे पत्र द्यायला तयार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. आम्हीही नेमके याच जागी अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. करक्रमांक, तिथले बँक खाते, अर्जाची वेळ हे सगळे तुम्ही पार केलेलेच आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी वकील नाही किंवा करसल्लागारही नाही, आणि प्रत्येक वकिलातीची कागदपत्रांची यादी थोडीफार वेगळी असते. तेव्हा तुमच्या वकिलातीची चालू यादी हीच अंतिम समजावी.

या व्हिसाची उत्पन्नमर्यादा तिथल्या किमान वेतनाशी बांधलेली आहे. ते २०२३ मध्ये दरमहा ७६० युरो, २०२४ मध्ये ८२० आणि २०२५ मध्ये ८७० युरो होते. मुख्य अर्जदारासाठी पूर्ण रक्कम, दुसऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी तिच्या निम्मी आणि प्रत्येक मुलासाठी ३० टक्के असा हिशेब असतो. म्हणजे २०२५ च्या दराने दांपत्याला दरमहा १,३०५ युरो दाखवावे लागत. हा आकडा फार मोठा नसल्यामुळेच गैरसमज होतो. खात्यात काही वर्षांचा खर्च पडून आहे, मग आणखी काय हवे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा व्हिसा निवृत्तिवेतन, घरभाडे, व्याज, लाभांश किंवा स्वामित्वधन यांवर जगणाऱ्यांसाठी आहे. अर्ज तपासणाऱ्याला पाहायचे असते ते हे, की पैसा कोठून येतो, कोणत्या हक्काने येतो आणि पुढच्या वर्षीही येत राहील का. शिल्लक या उत्तराला बळकटी देते, पण त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता त्या बँकेविषयी. आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग मुदत ठेवींच्या व्याजाचा होता, आणि ज्या शाखेत त्या ठेवी होत्या तिचे नाव मी येथे घेणार नाही. आम्हाला हवे होते ते एक साधे पत्र : ठेवीची रक्कम, व्याजदर, व्याज किती काळाने जमा होते, ठेव कधी पूर्ण होते, आणि खाली अधिकाऱ्याची सही, पदनाम व शिक्का. शाखेने संगणकावरून एक उतारा काढून दिला, ज्याच्या तळाशी ‘सहीची आवश्यकता नाही’ असे छापलेले होते. शाखा म्हणे, पत्राचा नमुना मुख्य कार्यालय ठरवते. मुख्य कार्यालय म्हणे, अधिकार शाखेचा आहे. आणि दूरध्वनीवरचे लोक पुन्हा तोच उतारा उतरवून घ्यायला सांगत. वकिलातीला पत्र अपोस्टील करून, म्हणजे परदेशात वापरण्यासाठी सरकारकडून प्रमाणित करून, द्यायचे होते. अपोस्टील कागदातल्या मजकुराची खात्री देत नाही. ते सहीचा खरेपणा, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्क्याची ओळख एवढेच प्रमाणित करते. ज्या कागदावर सहीच नाही, त्यात प्रमाणित करण्याजोगे काही उरत नाही. हे एवढे साधे कारण त्या शाखेतल्या एकाही माणसाने ऐकून घेतले नाही, याचा राग मला आजही आहे. ग्राहकाच्या स्वतःच्या पैशांबद्दल दोन खऱ्या ओळी लिहून त्याखाली सही करण्यात बँकेचे काय जाते, हे मला कधीही समजले नाही. त्या दिरंगाईत आमच्या पोलीस दाखल्याची मुदत उलटली, तो नव्याने काढून पुन्हा प्रमाणित करावा लागला, आणि अर्जासाठी तिकडे भाड्याने घेतलेल्या रिकाम्या घराचे भाडे चालूच राहिले. संपूर्ण प्रक्रियेत आमचे सर्वांत जास्त पैसे यातच गेले.

तुम्ही शाखेत तोंडी विचारत असाल तर ते थांबवा. हवा असलेला मजकूर स्वतः लिहून, तो पत्रात असावा अशी लेखी मागणी करा आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर त्या पोचेच्या आधारे बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे जा. आमची कोंडी फुटली ती याच मार्गाने. दरम्यान, लेखापालाकडून त्याच्या लेटरहेडवर प्रत्येक उत्पन्नाचा उगम आणि वार्षिक रक्कम सांगणारे प्रमाणपत्र घ्या, त्याला मागील वर्षांची आयकर विवरणपत्रे जोडा, आणि खातेउताऱ्यात व्याजाची प्रत्येक जमा नोंद खुणेने दाखवा. सर्वांत वर एका पानाचा तक्ता ठेवा : उत्पन्न कोणते, त्याचा पुरावा कोणत्या पानावर, मासिक सरासरी किती युरो. तक्ता कोणी मागत नाही, पण तपासणाऱ्याने आपली बेरीज स्वतः शोधून काढावी अशी अपेक्षा ठेवणे मला चुकीचे वाटते.

सगळी उत्पन्ने सारख्या वजनाची धरली जात नाहीत, असे माझे मत आहे. निवृत्तिवेतन सर्वांत भक्कम, कारण ते हयातभर चालते. घरभाड्याचा करार थोड्याच महिन्यांत संपणार असेल तर तो अर्जापूर्वीच वाढवून घ्यावा. मुदत ठेवीचेही तसेच : लवकरच पूर्ण होणारी ठेव पाहून पुढे काय, हा प्रश्न येणारच. लाभांश वर्षागणिक कमीजास्त होतो, म्हणून तो एका वर्षाचा दाखवण्याऐवजी तीन वर्षांचा दाखवावा. पत्नीचा दुसऱ्या देशातून मिळणारा नोकरीचा पगार मात्र या हिशेबात मिसळू नका. दुरून काम करणाऱ्यांसाठी ३० ऑक्टोबर २०२२ पासून डी८ हा वेगळा व्हिसा आहे आणि त्याची मर्यादा किमान वेतनाच्या चौपट आहे. पगार दिसला की तुमचा अर्ज चुकीच्या प्रकारात आला आहे, अशी शंका घ्यायला जागा मिळते.

कागदांचा क्रम त्यांच्या मुदतीनुसार लावावा, हे मी आग्रहाने सांगेन. उत्पन्नाचे कागद आधी, पोलीस दाखला सर्वांत शेवटी, आणि भाडेकरारावर सही उत्पन्नाचे कागद हातात आल्याशिवाय करू नये. घरमालक करार तिथल्या करखात्याकडे नोंदवतो आणि एका महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के मुद्रांक शुल्क भरतो. त्या नोंदणीची प्रत मागून घ्या, कारण नोंदणीविना करार पुढे अडचणीचा ठरतो. निर्णयाला कायद्याने ६० दिवसांची मुदत असली, तरी तिच्या भरवशावर घराची किंवा प्रवासाची तारीख ठरवू नका.

कराबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही सांगतो. नव्याने जाणाऱ्यांना दहा वर्षे करसवलत देणारी एनएचआर ही जुनी योजना, काही संक्रमणकालीन अपवाद वगळता, २०२४ पासून बंद झाली आहे. तिच्या नावाने कोणी शुल्क मागत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी ठरता आणि जगभरातले उत्पन्न तिथे दाखवावे लागते. परदेशी व्याज व लाभांशावर साधारणतः २८ टक्के दर लागतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असल्यास त्याने यात फरक पडतो. उलट बाजूने, तात्पुरत्या निवास परवान्याच्या काळात सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिने सबळ कारणाविना बाहेर राहिल्यास परवाना धोक्यात येतो. त्यामुळे वर्षातले थोडेच दिवस तिकडे काढण्याचा बेत असेल, तर या व्हिसाचा पुन्हा विचार करावा.

सध्या सर्वांत तातडीचे काम म्हणजे वकिलातीला उत्तर देणे. बँकेचे पत्र आले नाही म्हणून दिलेली मुदत जाऊ देऊ नका. लेखापालाचे प्रमाणपत्र, विवरणपत्रे व तक्ता मुदतीआधी पाठवा, बँकेकडे केलेल्या मागणीची पोच जोडा आणि उरलेल्या एका कागदासाठी लेखी मुदतवाढ मागा. व्हिसा चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा असतो. त्या काळात आइमा या पोर्तुगालच्या स्थलांतर कार्यालयात निवास परवान्यासाठी जायचे असते. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी जुन्या विभागाच्या जागी आलेल्या या कार्यालयाकडे लाखो प्रलंबित प्रकरणे वारशाने आली, म्हणून तिथे जाताना उत्पन्नाच्या मूळ कागदांचा पूर्ण संच सोबत ठेवा. पहिला परवाना दोन वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी उदरनिर्वाहाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. त्यामुळे बँकेकडून सहीचे पत्र एकदा मिळाले, की दरवर्षी त्याच नमुन्यात नवे मागून घ्या आणि जुन्या पत्राची प्रत मागणीसोबत जोडा.