आधी गढी मोजून ये

चि.,
अनेक आशीर्वाद.

‘कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज’चा सहावा भाग, ‘ड्रीम्स इन द विच हाऊस’, अर्ध्यात बंद केलास म्हणे. ‘एवढा पैसा, एवढा नावाजलेला नट, अन् भीती कुठाय?’ तुझा राग बरोबर आहे, पण बंद करायला नको होतास. गिएर्मो देल तोरोच्या २०२२च्या या भयमालिकेत आठ भाग आहेत आणि त्यांतला हा फसलेलाच तुझ्या सगळ्यात कामाचा आहे. का, ते पुढं सांगतो.

मूळ कथा अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्टची, १९३३ साली छापलेली. तिच्यातला गिलमन गणिताचा विद्यार्थी. चेटकिणीच्या जुन्या घरात तो मुद्दाम खोली घेतो. खोलीची एक भिंत आत कललेली, छत तिरपं उतरलेलं, वरचा पोटमाळा कायमचा बंद. त्याला हळूहळू वाटायला लागतं की या वाकड्या कोनांतूनच ती म्हातारी दुसऱ्या जगात ये-जा करत असावी. म्हातारी आणि माणसाच्या तोंडाचा उंदीर यांच्या आधी खोलीचीच भीती वाटते.

पडद्यावर गणितच गेलं. तिथला गिलमन मेलेल्या जुळ्या बहिणीला शोधतोय. औषध घेतलं की आत्म्यांचं रान, उतरलं की परत इकडे. रूपर्ट ग्रिंट जीव तोडून काम करतो, पण मग त्या घराची गरजच काय उरली? कोण कुठून येतं, का येतं, याला धरबंध नाही. चेटकीण सरळ चालत येते आणि उंदीर तर गप्पाच मारतो. आपल्याला त्या भावाची कीव येते, पण दिवा लावून झोपावंसं वाटत नाही. हीच कथा ‘मास्टर्स ऑफ हॉरर’ या मालिकेत २००५ साली स्टुअर्ट गॉर्डननं केली होती. त्यानं काळ आजचा घेतला, विद्यार्थी भौतिकशास्त्राचा केला, पण खोलीचा तो कोपरा काही सोडला नाही. दोन्ही पाठोपाठ बघ.

आता तुझी शॉर्टफिल्म. पहिल्या खर्ड्यात गढी होती आणि गढीत बळद. बिनदाराची खोली. धान्य वरून माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, तोंडातून ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. तुझ्या गोष्टीत बाहेरून मोजलेली भिंत आतून दोन हात कमी भरत होती. तेवढ्यावर मी हातातला चहा खाली ठेवला होता. दुसऱ्या खर्ड्यात मात्र बारवेत बुडालेली बहीण आली, केस मोकळे सोडून. ‘भावनिक बाजू हवी’ असं कुणीतरी सांगितलं असणार. शॉर्टफिल्मच्या कार्यशाळांत हल्ली हे सगळ्यांनाच सांगतात. ती आल्यापासून बळदाकडं कुणी ढुंकून बघत नाही.

देवगिरीच्या अंधारीत शाळेच्या सहलीला गेली असशील. शत्रूला चकवायला कातळात कोरलेली वाट, पायऱ्या लहानमोठ्या, वळणं फसवी. गाइडनं उजेड विझवला की पोरं एकमेकांचे शर्ट धरतात. तिथं कुणी भुताचं नावही घेतलेलं नसतं.

तेव्हा एकही नवा संवाद लिहू नकोस. गावातल्या गढीवर जा. दाराजवळच्या ढाळजेपासून सुरुवात कर, भिंतीची जाडी, देवळ्यांची खोली, माळवदाची उंची, सगळं वहीत उतरव. बळदाचं तोंड कुठं उघडतं आणि त्यातून केवढं माणूस उतरू शकतं, ते म्हाताऱ्यांना विचार. जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, दिसलं तर आत उतरायचं नाही, वाकायचंही नाही. बंद पेवात हवा कोंदून माणसं गेलेली आहेत; जुने लोक आधी कंदील सोडून बघत, तो विझला की मागं फिरत. (हे गोष्टीत वापरलंस तरी चालेल. उंदीर मात्र बोलका नको.)

मापं आली की तिसरा खर्डा. बहीण हवीच असेल तर जिवंत ठेव; टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागणारच आहे.

तुझा,
काका