हेडर लाल होतोय? रॅप राहू द्या, आधी टायमिंग बघा

प्रश्न (एक वाचक, कराड) : नमस्कार दादा, माझी जुनी कार्बवाली (कार्ब्युरेटरची) जिप्सी आहे, 970 सीसीची. तिच्यात एस्टीमचं 1.3 एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) 16 वाल्व्ह इंजिन टाकलंय. इंजिन स्क्रॅपमधून घेतलं पण चालू करून बघितलं होतं, वायरिंग आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) त्याच गाडीचं. बसवायच्या आधी टायमिंग बेल्ट नवीन टाकला आणि हेडर (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळ्या) लोकल फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला. आता गाडी स्टार्ट होते, आयडलला बरी वाटते, पण थोडा वेळ उभ्या उभ्या चालू ठेवली की अंधारात हेडरच्या चारही नळ्या लाल दिसतात. पिकअप तर नाहीच, जुनं इंजिन बरं होतं म्हणायची वेळ आलीय, आणि टेंपरेचरचा काटाही नेहमीपेक्षा वर असतो. मेकॅनिक म्हणतो मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, फॅब्रिकेटर म्हणतो रॅप (उष्णता रोखणारी पट्टी) गुंडाळा. कोणाचं ऐकू?

उत्तर : आत्ता तरी दोघांचंही नको. तुम्ही सगळ्यात कामाची गोष्ट स्वतःच लिहिलीय, चारही नळ्या लाल होतात आणि पिकअप नाही. एकच नळी लाल असती तर मी त्या एका सिलिंडरचा वाल्व्ह, प्लग, इंजेक्टर बघायला सांगितलं असतं. चारही सारख्या तापतात म्हणजे भानगड चौघांना मिळून जे लागतं त्यात आहे, आणि इंजिन नुकतंच उघडून बसवलंय म्हटल्यावर माझा पहिला संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगी आणि वाल्व्ह कधी चालतात त्यावर.

ठिणगी उशिरा पडली की जाळ पण उशिरा संपतो. पिस्टन खाली ढकलायचं काम अर्धवट राहतं आणि एक्झॉस्ट वाल्व्ह उघडतो तेव्हा आतला गॅस अजून भलताच गरम असतो, आग चुलीत लागायची ती धुराड्यात लागते. म्हणून पिकअप जातो आणि हेडर तापतो, दोन्ही एकदमच. हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टच्या भोवतीने पाणी फिरतं ना, ती जास्तीची उष्णता पाण्यात पण उतरते, म्हणून तुमचा काटा वर. तिन्ही तक्रारी एकाच कारणात बसतात.

लीनचं म्हणाल तर गॅरेजमध्ये काही गरम झालं की लीन म्हणायची पद्धतच पडलीय. एक्झॉस्टचं तापमान हवा-पेट्रोलचं प्रमाण साधारण 14.7 ला 1 च्या आसपास किंवा जरासं लीन असताना सगळ्यात जास्त असतं हे खरं, पण आयडलला मुळात पेट्रोलच इतकं कमी जळतं की नुसत्या लीनने चारही नळ्या लाल होणं अवघड आहे. घाटात फुल लोडवर रात्री हेडर मंद लाल दिसला तर मी फार घाबरणार नाही, पत्र्याची पातळ नळी जाड बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा लवकर लाल होते आणि लोखंड अंधारात 500 डिग्रीच्या पुढे दिसायला लागतंच. उभ्या गाडीत मात्र लाल होता कामा नये.

आता करायचं काय. इंजिन थंड असताना वरचं बेल्ट कव्हर काढा, एक नंबर सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणा आणि कॅमची (वाल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टची) खूण जुळते का बघा. फक्त क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या शाफ्टच्या) पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका, जुन्या पुलीतलं रबर सुटलं तर बाहेरची रिंग सरकते आणि खूण खोटं बोलते. प्लग काढून भोकात प्लास्टिकचा स्ट्रॉ सोडा, क्रँक हाताने पान्याने फिरवा आणि पिस्टन खरंच वर कधी येतो ते बघा (स्क्रू ड्रायव्हर घालू नका, अडकला तर नवीन काम निघेल). बेल्ट एक दात चुकला तरी क्रँकच्या हिशोबाने पंधरा-वीस डिग्रीचा फरक पडतो, आणि एवढ्या फरकावर इंजिन स्टार्ट होतं, आयडल पण धरतं, नुसतं मरगळलेलं राहतं. तुमचं वर्णन वाचून मला तरी हेच वाटतंय, कारण बेल्ट तुम्ही नवीन टाकलाय.

बेल्ट बरोबर निघाला तर टायमिंग लाईट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावा. इथं लोक हमखास फसतात. एमपीएफआयमध्ये ईसीयू आयडल सांभाळायला टायमिंग सारखं पुढं-मागं करत असतो, त्यामुळे नुसती लाईट मारून दिसलेला आकडा काही कामाचा नाही. मॅन्युअलमध्ये दिलेली डायग्नोसिस कनेक्टरची पिन जंपर करून टायमिंग आधी फिक्स करायचं, मग बेस आकडा मॅन्युअलशी ताडायचा. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि जिप्सीत गाडीच्या लांबीच्या दिशेने, म्हणून मागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आड येते आणि बसवताना कॅमच्या टोकाचे सेन्सर-बिन्सर सोडवून परत अंदाजाने आवळले जातात. ते हाऊसिंग फिरवता येणारं असेल तर तिथं नक्की बघा.

अजून एक, चेक इंजिनचा दिवा जोडलाय का? जुन्या जिप्सीच्या डॅशबोर्डवर तो मुळात नसतोच, आणि स्वॅप करणारे ती वायर तशीच टेप मारून सोडून देतात. मग एखादा सेन्सर जोडायचा राहिला म्हणून ईसीयू सेफ मोडमध्ये चालत असला तरी कळणार कोणाला. दहा रुपयांचा बल्ब लावा आणि कोड वाचा. त्याच वेळी इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी आहे ना बघा, ती विसरली की सगळे सेन्सर भरकटतात.

हे सगळं ठीक निघालं तरच पुढं जा : सायलेन्सर किंवा कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) चोक आहे का ते. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा, 2500 आरपीएमला 3 पीएसआयच्या वर गेलं तर पुढं काहीतरी अडकलंय. व्हॅक्युम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते मोजणारा) असेल तर तेही चालेल, फक्त लक्षात ठेवा की पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात, दर 300 मीटर उंचीला साधारण एक इंच (पाऱ्याचा) कमी धरायचा, म्हणजे कराड-पुण्याकडे दीड-दोन इंच कमी दिसलं तर ते नॉर्मल. हेडरच्या फ्लँजमधून हवा ओढली जात असेल तर ऑक्सिजन सेन्सरला लीन वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो, ते जास्तीचं पेट्रोल मग नळीत जळतं. लोकल हेडरची फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, तेव्हा ती सपाट पट्टीवर ठेवून बघा.

आणि कृपा करून रॅप नको. आत्ता गुंडाळला तर लाल दिसायचं बंद होईल, उष्णता आतच राहील आणि पातळ नळी तडकेल. शिवाय पावसाळ्यात तो ओला राहतो आणि आतून गंज धरतो. तोपर्यंत ब्रेक पाईप, पेट्रोल लाईन आणि क्लच केबल हेडरपासून लांब बांधा, मध्ये पत्र्याची शील्ड टाका, गाडीत फायर एक्स्टिंग्विशर ठेवा आणि लाल दिसला की लगेच बंद करा. एक्झॉस्ट वाल्व्ह जळाला की हेड उतरवावं लागतं.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : इन्फ्रारेड गनने हेडरच्या चार नळ्या चेक केल्या, स्टीलचा हेडर आहे, एवढं तापूनही रीडिंग फारच कमी येतंय. गन खराब आहे का?

उत्तर : गन बहुतेक ठीक आहे. चकचकीत स्टील उष्णता कमी सोडतं आणि आजूबाजूचं परावर्तित करतं, म्हणून रीडिंग कमी येतं. प्रत्येक नळीवर हेडपासून सारख्याच अंतरावर हाय टेंपरेचर मॅट काळ्या पेंटचा रुपयाएवढा ठिपका मारा आणि तिथंच मोजा. थंड स्टार्ट केल्यावर पहिल्या मिनिटात मोजलं तर सगळ्यात स्पष्ट कळतं, जी नळी मागं राहते ते सिलिंडर मिस करतंय. आणि गंमत म्हणजे मिस करणाऱ्या सिलिंडरची नळी गार राहते, पण त्याचं न जळलेलं पेट्रोल पुढं चारही नळ्या एकत्र येतात तिथं पेटतं, म्हणून कलेक्टर लाल आणि नळी गार असं दिसलं तर आधी प्लग काढा.

प्रश्न (तेच कराडचे वाचक, ताजा कलम) : आरसीवर जुनाच इंजिन नंबर आहे, चालेल का?

उत्तर : नाही चालणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते, आणि तुमचं इंजिन तर सीसीनेसुद्धा वेगळं आहे. इंजिनाचे खरेदीचे कागद हातात असतील तर आरटीओत जाऊन विचारा, नाहीतर उद्या अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिल्यांदा तोच नंबर बघतील.