घोड्याला माश्यांचं औषध लावण्याआधी

गायी-म्हशींच्या गोचिडांवरचं अमिट्राझ घोड्याला अजिबात लावू नका. आतडी मंदावतात, पोटशूळ उठतो, जनावर हातचं जाऊ शकतं. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणेल. बाटलीवर घोड्याचा उल्लेख नसेल तर सरळ परत ठेवा.

परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा चालतो. आधी मानेवर थोडासा लावून एक दिवस थांबा, पुरळ नाही उठलं तरच अंगभर. तोंडावर फवारायचं नाही. फडक्याने, डोळे सोडून पुसायचं. तबेल्यात मांजर असेल तर ओल्या घोड्यापासून लांब ठेवा, तिला ते विष आहे. सिट्रोनेला, म्हणजे गवताचं सुगंधी तेल? वास छान, पण घाम फुटला की गेलं.

ओली लीद, कुजका पेंढा मात्र रोज उचला. तबेल्यातल्या चावऱ्या माश्या तिथे वाढतात, आणि त्यावर कुठलाच फवारा पुरा पडत नाही.