चुकलेली वही घेऊन ये

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी पाचवी १/२ + १/३ = २/५ लिहिते, म्हणून गणित शिक्षकांच्या मंडळाच्या बैठकीला यायला तुला लाज वाटते. "आधी वर्ग सुधारते, मग सभासद होते." राग आला मला. तीच वही घेऊन यायची असते, बाय. चुकलेली.

मी कित्येक वर्षं उलटं केलं. बैठकीला जाताना वर्गातली सगळ्यांत नेटकी वही पिशवीत घालायचो. एकदा एका नव्या शिक्षिकेने उभं राहून विचारलं, अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा उलटा का करायचा? हशा झाला. उत्तर मलाही येत नव्हतं. मी गप्प बसलो. ती परत कधी आली नाही. वरिष्ठ समोर होते, माझा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात होता, घर एका पगारावर चालायचं. सगळं खरं. तरी उठायला हवं होतं.

तुझं ते २/५ मीही वर्षानुवर्षं लाल शाईने खोडलं. मग एका बैठकीत एकाने ती चूकच फळ्यावर मांडली. त्याचा विद्यार्थी म्हणाला होता, "सर, दोन पेनल्टींत एक गोल, मग तीन पेनल्टींत एक गोल. पाचांत दोन झाले ना?" झालेच की! पोराचा हिशेब बरोबर होता, पण त्याने दोन वेगळे पूर्ण, म्हणजे दोन पेनल्टींचा आणि तीन पेनल्टींचा गट, एकत्र केले होते. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण एकच. आता मी आधी विचारतो, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? २/५ अर्ध्याहून लहान आहे हे मुलं स्वतःच पकडतात. ती वही त्या शिक्षकाने घरी ठेवली असती तर?

इंग्लंडमध्ये १८७१ साली शिक्षकांनी संघटना काढली ती भूमितीचं शिकवणं सुधारायला. काय बिघडलंय ते नावातच सांगून. आपल्या देशातली गणित शिक्षकांची संघटना १९६५ पासून चेन्नईतून काम करते, तिची नियतकालिकं जरूर वाच. पण आपलं दुखणं आपल्यालाच दाखवावं लागेल. आपल्या गोव्यातल्या कित्येक शाळांत चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी, पाचवीत एकदम इंग्रजी. कालचे अंश-छेद आज न्यूमरेटर-डिनॉमिनेटर. 'सत्तेचाळीस'मध्ये सात आधी ऐकू येतो, 'फॉर्टी-सेव्हन'मध्ये चार. ७४ लिहिणारं मूल मठ्ठ नव्हे, ते कान देऊन ऐकतंय. हे सत्तरी तालुक्यातल्या वहीत दिसतं, भाषणात नाही. म्हणून म्हणतो, वही आण.

रविवारी सकाळी दहाला डिचोलीत ये. कदंबाच्या बसस्टँडवर मी थांबतो. वहीत दुरुस्ती करू नकोस, मुलांनी लिहिलंय तसंच राहू दे. आणि तो भागाकाराचा प्रश्न तूच विचार. उत्तर आता येतं मला. पण ते सांगण्याआधी, किती वर्षं येत नव्हतं ते सगळ्यांसमोर सांगणार आहे.

तुझा,
सर